सेशन क्लिअर करून काय साधतं?

नॉकमध्ये, म्हणजे नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या केंद्रात, रुजू झालेल्या नव्या मुलाला पहिल्या काही दिवसांतच एक सल्ला मिळतो. एमपीएलएसच्या एखाद्या राउटरवर लेबल दिसत नसेल तर शेजारच्या राउटरशी असलेलं, लेबलं वाटणाऱ्या एलडीपी या प्रोटोकॉलचं सेशन क्लिअर करायचं. तेवढ्यानं भागलं नाही तर राउटर रीलोड करायचा. कारणाचं नंतर बघू, आधी लाइन वर आली पाहिजे. हा सल्ला देणारी माणसं कामात मुरलेली असतात, रात्रपाळ्या काढून बसलेली असतात, आणि आपली बाजू ती ठामपणे मांडतात. ग्राहक बंद आहे, एसएलएचं घड्याळ चालू आहे, अशा वेळी टेबलं वाचत बसायला सवड कुणाला? क्लिअर केल्यावर लाइन येते, हा त्यांचा अनुभव असतो. आणि एलडीपी आता जुना झाला, सगळीकडे सेगमेंट राउटिंग आलं की लेबल हरवण्याचा प्रश्नच मिटणार, मग त्यात आता कशाला डोकं घालायचं, असंही ते म्हणतात.

यातला एकही मुद्दा मला पटत नाही. लेबल नसणं हा बहुतेक वेळा बिघाड नसतोच. कुठल्या तरी राउटरनं नियमाला धरून दिलेला तो नकार असतो. त्या नकाराचं कारण त्याच राउटरच्या टेबलात कुणालाही वाचता येईल असं पडलेलं असतं. क्लिअरची कमांड त्या कारणाला हातही लावत नाही, फक्त त्याच्या खुणा पुसून टाकते. नेटवर्क चालवणाऱ्यांच्या एका सबंध पिढीला आपण ही सवय लावतो आहोत आणि तिला अनुभव असं नाव देतो आहोत, याचा मला राग येतो.

लेबल एवढं महत्त्वाचं का, हे आधी सांगायला हवं. १९९६ च्या सुमारास सिस्कोचं टॅग स्विचिंग, इप्सिलॉनचं आयपी स्विचिंग अशा कल्पना पुढे आल्या, तेव्हा हिशेब वेगाचा होता. प्रत्येक राउटरवर आयपी पत्ता धुंडाळण्यापेक्षा एक छोटा आकडा बघून पॅकेट पुढे ढकलणं स्वस्त पडेल, असा. पुढे चिप सुधारल्या, आयपी पत्त्याचा शोधही तितकाच झपाट्यानं होऊ लागला आणि वेगाचा मुद्दा गळून पडला. तरी एमपीएलएस टिकलं, ते मुख्यतः व्हीपीएनमुळे. १९९९ च्या आरएफसी २५४७ नं मांडलेल्या आणि २००६ च्या आरएफसी ४३६४ नं पक्क्या केलेल्या रचनेत ग्राहकाचे रूट फक्त काठावरच्या पीई राउटरना माहीत असतात. मधल्या पी राउटरना बँकेची शाखा कुठे आणि कारखान्याचं गोदाम कुठे, यातलं काहीच ठाऊक नसतं आणि ठाऊक असण्याची गरजही नसते. पॅकेटवर दोन लेबलं असतात. वरचं पलीकडच्या पीईपर्यंत नेणारं, खालचं तिथे पोहोचल्यावर हे पॅकेट कुठल्या ग्राहकाचं ते सांगणारं. मधल्या राउटरना वाट दाखवणारं वरचं लेबल तेवढं एकच असतं. ते चुकीच्या जागी उतरलं की पॅकेटला पुढे कुठे जायचं हे सांगणारं त्या राउटरकडे काही उरत नाही.

आता एक प्रकरण जवळून बघू. सिस्कोच्या आयओएसवर काम शिकणाऱ्या बहुतेकांना ते कधी ना कधी भेटतं आणि माझ्या मते सगळा वाद त्यातच मिटतो.

चार राउटर एका ओळीत आहेत: पीई-१, पी-१, पी-२, पीई-२. आत ओएसपीएफ चालतं आणि लेबलं एलडीपी वाटतं. पीई-२ च्या लूपबॅकला १०.०.०.४ हा पत्ता दिला, पण मास्क ३२ बिटांचा द्यायच्या ऐवजी २४ बिटांचा पडला. २५५.२५५.२५५.२५५ लिहायचं तिथे शेवटी शून्य गेलं, एवढीच चूक. ओएसपीएफ लूपबॅकला एकट्या यंत्राचा पत्ता मानतं, त्यामुळे मास्क कुठलाही असला तरी शेजाऱ्यांना ते १०.०.०.४/३२ असंच सांगतं. एलडीपी मात्र राउटरच्या स्वतःच्या टेबलात जे नेटवर्क थेट जोडलेलं आहे त्याचं लेबल वाटतं, आणि पीई-२ च्या टेबलात ते आहे १०.०.०.०/२४. म्हणजे पी-२ कडे रूट आला /३२ चा आणि लेबल आलं /२४ चं. एलडीपीचा नियम आरएफसी ५०३६ मध्ये स्वच्छ लिहिलेला आहे: रूट आणि लेबलचा प्रीफिक्स तंतोतंत जुळला तरच ते लेबल वापरायचं. इथे जुळत नाही. म्हणून पी-२ च्या फॉरवर्डिंग टेबलात १०.०.०.४/३२ च्या ओळीत, बाहेर जाणाऱ्या लेबलच्या रकान्यात ‘नो लेबल’ असं येतं.

त्या जागी ‘पॉप लेबल’ असायला हवं होतं. घाईत वाचणाऱ्याला दोन्ही सारखंच वाटतं, कारण दोन्हीकडे वरचं लेबल जातंच. पण ‘पॉप’ म्हणजे पुढच्या राउटरनं स्वतः सांगितलं आहे की वरचं लेबल तूच उतरव, खालचं तसंच माझ्याकडे येऊ दे. ‘नो लेबल’ म्हणजे पुढच्यानं या प्रीफिक्ससाठी काहीच दिलेलं नाही, लेबलची वाट इथेच संपली. या दोन शब्दांमधला फरक ज्याला एकदा कळला त्याला पुढची निम्मी तपासणी आपोआप येते. नव्या मुलांना पहिल्याच दिवशी तो शिकवायला हवा, तिथे आपण त्यांना क्लिअर शिकवतो.

दरम्यान पी-२ नं पुढून लेबल मिळण्याची वाट बघितलेली नसते. सिस्कोच्या एलडीपीत प्रत्येक राउटर आपल्यापुरतं लेबल ठरवतो आणि वाटून मोकळा होतो. समजा, पी-२ नं पी-१ ला या /३२ साठी १९ दिलं आणि पी-१ नं पीई-१ ला २१ दिलं. पीई-१ वर बसलेल्या इंजिनिअरला काय दिसतं? रूट आहे, लेबल आहे, एलडीपीचं सेशन ऑपरेशनल आहे, पीई-२ शी बीजीपी उभं आहे, ग्राहकाचे रूट व्हीपीएनच्या टेबलात आलेले आहेत. तो पीई-२ च्या लूपबॅकला पिंग मारतो आणि पिंग जातं. जाणारच, कारण त्या पॅकेटवर एकच लेबल असतं. पी-२ वर ते उतरलं की खाली साधं आयपी पॅकेट उरतं, आणि १०.०.०.४ कुठे आहे हे पी-२ ला ओएसपीएफनं सांगितलेलं असतं. बीजीपीचंही तेच. ग्राहकाच्या पॅकेटवर मात्र खाली आणखी एक लेबल आहे, समजा २८. ते पीई-२ नं दिलेलं आहे आणि त्याचा अर्थ फक्त पीई-२ ला कळतो. सॉफ्टवेअरच्या आवृत्तीप्रमाणे पी-२ ते पॅकेट तिथेच टाकून देतो, किंवा सगळी लेबलं सोलून नुसतं आयपी पॅकेट पुढे ढकलतो. ते पीई-२ च्या ग्लोबल टेबलात जाऊन पडतं, जिथे त्या ग्राहकाचा पत्ताच नाही. नेटवर्क धड असल्याचे जेवढे पुरावे आपण सहसा मागतो ते सगळे मिळाले, आणि ग्राहकाचं एकही पॅकेट पोहोचलं नाही.

या स्थितीत क्लिअर मारा. पी-२ वर सगळ्या शेजाऱ्यांची सेशनं एका दमात पडतात. त्या राउटरमधून जाणारे, या प्रकरणाशी काडीचा संबंध नसलेले बाकीचे ग्राहक लेबलविना होतात. एलडीपी आणि आयजीपी (म्हणजे ओएसपीएफसारखा आतला राउटिंग प्रोटोकॉल) यांचा मेळ राखणारी, आरएफसी ५४४३ मधली सोय लावलेली नसेल तर ओएसपीएफला यातलं काही कळत नाही. ते रहदारी त्याच वाटेनं पाठवत राहतं आणि ती वाटेत टाकली जात राहते. काही वेळानं सेशनं परत उभी राहतात, लेबलं पुन्हा वाटली जातात, आणि पीई-२ पुन्हा तेच सांगतो: माझ्याकडे /२४ आहे, हे घ्या त्याचं लेबल. टेबलात पुन्हा ‘नो लेबल’. आधी एक ग्राहक बंद होता. मध्यंतरी अनेक बंद पडले आणि शेवटी तो एक बंदच राहिला. राउटर रीलोड केला तर हेच सगळं जास्त वेळ लावून होईल, कारण चुकीचा मास्क कॉन्फिगरेशनमध्ये जतन केलेला आहे आणि रीलोडनंतर तोच परत येणार आहे.

एसएलएच्या घड्याळाचं उत्तर इथेच आहे. घाई आहे म्हणून क्लिअर करावं लागतं, असं म्हणतात. पण घाई असली तरी वेळ वाचवणारी गोष्ट दुसरीच आहे. २००६ मध्ये आरएफसी ४३७९ नं एलएसपी पिंग आणि ट्रेस दिले, २०१७ च्या आरएफसी ८०२९ नं त्यांची सुधारित आवृत्ती आणली. या पिंगची रचना मुद्दाम अशी केली आहे की साध्या पिंगची फसगत इथे होऊ नये. पॅकेट जातं लेबलच्या वाटेनं, पण आतला आयपी पत्ता १२७ नं सुरू होणारा असतो, आणि १२७ चा पत्ता कुठलाही राउटर पुढे राउट करत नाही. लेबलची वाट मध्येच तुटली असेल तर पॅकेट आयपीच्या आधारानं पलीकडे पोहोचूच शकत नाही. जिथे वाट तुटली तिथेच ते अडकतं आणि तो राउटर तसं कळवतो. आपल्या प्रकरणात पीई-१ वरून १०.०.०.४/३२ साठी एलएसपी ट्रेस चालवला की पी-२ च्या ओळीत ‘बी’ हे अक्षर येतं, म्हणजे बाहेर जाणाऱ्या इंटरफेसवर लेबल नाही. एका कमांडमध्ये राउटर सापडला. मग पी-२ वर फॉरवर्डिंग टेबलातली ती एक ओळ बघायची, एलडीपी बाइंडिंगमध्ये पीई-२ कडून /३२ साठी काही आलं आहे का ते बघायचं. आलेलं नाही, पण वरच /२४ ची नोंद दिसते. सेशन पाडून ते परत उभं राहण्याची वाट बघण्याला याहून कमी वेळ लागतो, असं कुणी मला दाखवून द्यावं.

दुरुस्ती करतानाही हे वाचन उपयोगी पडतं. सरळ उपाय म्हणजे लूपबॅकचा मास्क /३२ करणं. त्यानं पीई-२ ची सेशनं क्षणभर हलतात, पण नुकसान त्या एका राउटरपुरतं राहतं. दुसरा उपाय लूपबॅकवर ओएसपीएफचा प्रकार पॉइंट-टू-पॉइंट करण्याचा. मग ओएसपीएफसुद्धा /२४ च सांगू लागतं, रूट आणि लेबल जुळतात आणि पत्त्याला हात लावावा लागत नाही. भर कामाच्या वेळात हा उपाय मोहात पाडतो. पण उद्या दुसऱ्या कुणा पीईला त्याच रेंजमधला पत्ता याच पद्धतीनं दिला गेला, तर दोघेही १०.०.०.०/२४ सांगू लागतील आणि एकाची पॅकेटं दुसऱ्याकडे जातील. म्हणून तो वापरलाच तर मेंटेनन्सच्या पहिल्या संधीला मास्क दुरुस्त करायचा, हे टिकिटात लिहून ठेवायला हवं. ज्यानं कारण वाचलंच नाही त्याच्यापुढे यातला कुठलाच पर्याय उभा राहत नाही.

‘पण आमच्याकडे तर क्लिअर केल्यावर लाइन येते.’ हे मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे की त्याचं उत्तर सविस्तर द्यायला हवं. होय, कधी कधी येते. ज्या वेळी येते त्या वेळी शक्यता मोजक्या असतात. एखादी लिंक खालीवर होत होती आणि तेवढ्यात स्थिरावली, म्हणजे क्लिअर न करताही लाइन आली असती. किंवा कुणी तरी पलीकडे कॉन्फिगरेशन बदलून ठेवलं होतं आणि ते पूर्ववत केलं. किंवा सॉफ्टवेअरमध्ये खरोखरच दोष आहे: बाइंडिंगच्या टेबलात पुढच्या हॉपकडून आलेलं लेबल धडधडीत दिसतं, पण फॉरवर्डिंगमध्ये ते उतरलेलं नाही. ही शेवटची शक्यता खरी असेल तर क्लिअर करण्याला अर्थ आहे, हे मी आनंदानं मान्य करतो. पण नेमकी हीच शक्यता असेल तर दोन्ही टेबलांचं आउटपुट आधी काढून ठेवणं सगळ्यात गरजेचं असतं. राउटर बनवणाऱ्या कंपनीच्या टॅककडे, म्हणजे तांत्रिक मदत केंद्राकडे, केस उघडली की पहिला प्रश्न तोच येतो: बिघाडाच्या वेळी टेबलं काय दाखवत होती? आपण पंचनाम्याआधीच फरशी पुसून ठेवलेली असते. केस बंद होते, दोष तसाच राहतो आणि पुढच्या आवृत्तीतही तो येतो.

मग टिकिटावर मूळ कारणाच्या रकान्यात काय लिहिलं जातं? ‘एलडीपी सेशन रीसेट केल्यावर सेवा पूर्ववत.’ हे कारण नव्हे, ही केलेली कृती आहे. ग्राहकाला हे असं लिहून पाठवणं मला अप्रामाणिक वाटतं. बँकेच्या माहिती-तंत्रज्ञान विभागातल्या माणसाला पुन्हा असं होणार का, हे जाणून घ्यायचं असतं, आणि आपण त्याला आपण कुठली कमांड चालवली ते सांगतो.

लेबल नाकारलं जाण्याची कारणं काही अगणित नाहीत. उलट ती ठरावीक आहेत आणि प्रत्येकाची खूण वेगळी आहे, म्हणून एकच औषध सगळ्यांना देणं चुकीचं. शेजारी दिसतो पण सेशनच उभं राहत नाही, हा एक प्रकार. एलडीपीची हॅलो पॅकेटं यूडीपीच्या ६४६ पोर्टवरून २२४.०.०.२ या मल्टिकास्ट पत्त्यावर जातात, त्यांना फक्त लिंक धड असावी लागते. सेशन मात्र टीसीपीच्या ६४६ वर, सहसा राउटर-आयडी म्हणून वापरलेल्या लूपबॅक पत्त्यांमध्ये उभं राहतं. त्या लूपबॅकचा रूट ओएसपीएफमध्ये घालायचा राहिला की हॅलो येत राहतात आणि सेशन कधीच होत नाही. आयओएसच्या एलडीपी डिस्कव्हरीच्या आउटपुटमध्ये त्या शेजाऱ्यापुढे ‘नो रूट’ असं चक्क छापलेलं असतं. जे सेशन उभंच राहिलेलं नाही ते क्लिअर करून काय मिळणार? तरी लोक करतात.

फिल्टर हे दुसरं कारण, आणि मोठ्या नेटवर्कमध्ये ते फार सापडतं. सिस्कोचं एलडीपी मूळ स्वभावानं आयजीपीतल्या सगळ्या प्रीफिक्सना लेबलं वाटतं. जुनिपरचं फक्त आपल्या लूपबॅकचं वाटतं. सिस्कोवर लेबलांचा पसारा आवरण्यासाठी कुणी तरी अॅक्सेस-लिस्ट लावून फक्त लूपबॅकच्या रेंजला परवानगी देतं. हे योग्यच आहे. काही वर्षांनी पत्ते संपतात, नव्या पीईंना नवी रेंज मिळते, आणि फिल्टर लावणारा माणूस तोवर नोकरी बदलून गेलेला असतो. नव्या पीईचा रूट सगळीकडे पोहोचतो, लेबल पोहोचत नाही. दोन कंपन्यांचे राउटर एकत्र चालवणाऱ्यांना वर सांगितलेल्या स्वभावभेदाचीही झळ बसते. ज्या प्रीफिक्सचं लेबल एक बाजू गृहीत धरते, ते दुसरी बाजू देतच नाही.

समरायझेशनचं प्रकरण यांच्यापेक्षा गंभीर आहे आणि त्याबद्दल मला जास्त बोलायचं आहे. ओएसपीएफ शिकवताना एरिया पाडा, सीमेवरच्या राउटरवर रूटचा सारांश करा, टेबलं लहान ठेवा, असं शिकवतात. आयपी नेटवर्कसाठी हा उत्तम धडा आहे. पण पीईंचे लूपबॅक या सारांशात गेले की लेबलची वाट सीमेवर मोडते. पीई-१ ला आता १०.०.०.४/३२ दिसत नाही, १०.०.०.०/२४ दिसतो. बीजीपीचा पुढचा हॉप त्या /२४ मधून सुटतो, त्यामुळे कुठेही लाल दिवा लागत नाही. /२४ चा उगम सीमेवरच्या राउटरवर असल्यामुळे त्याच्या अलीकडचा राउटर वरचं लेबल ‘पॉप’ करतो. इथे टेबलात ‘नो लेबल’ नसतं, सगळं नियमानं झालेलं दिसतं. सीमेवरच्या राउटरच्या हातात वरती २८ असलेलं पॅकेट येतं, जे त्यानं कधीच कुणाला दिलेलं नाही. किंवा दिलेलं असेलही, भलत्याच कशासाठी! लेबलचा आकडा त्या त्या राउटरपुरताच अर्थाचा असतो. पीई-२ वरचं २८ म्हणजे एक ग्राहक, सीमेवरच्या राउटरवरचं २८ म्हणजे कदाचित कुठल्या तरी वेगळ्याच दिशेची वाट. पॅकेट हरवण्याहून हे वाईट आहे, कारण ते चुकीच्या दिशेला धावू शकतं. आरएफसी ५२८३ नं २००८ मध्ये यावर तोडगा काढला, एलडीपीला तंतोतंत जुळणीऐवजी सर्वांत लांब जुळणारा प्रीफिक्स वापरायची मुभा दिली. पण तो वाटेतल्या राउटरवर मुद्दाम लावावा लागतो. त्याहून सोपा मार्ग म्हणजे पीईंचे लूपबॅक सारांशाबाहेर ठेवणं. हा निर्णय डिझाइनचा आहे. तो पहाटे तीन वाजता नॉकमधल्या मुलाच्या हातात नसतो, पण दोष सापडला नाही तर डिझाइन करणाऱ्यापर्यंत तो पोहोचतही नाही. क्लिअर करण्याच्या सवयीमुळे चुकीची डिझाइनं वर्षानुवर्षं तशीच जगतात, हा माझा मुख्य आक्षेप आहे.

लेबल जागेवर असूनही ग्राहक अडतो, असंही होतं. प्रत्येक लेबल ४ बाइटचं, म्हणजे दोन लेबलांसह १५०० चं पॅकेट १५०८ चं होतं. मधल्या एखाद्या लिंकचा एमटीयू १५०० वर राहिला की शाखेतल्या एटीएमचे छोटे संदेश जातात आणि दिवसअखेरची मोठी फाइल अडकते. इथे क्लिअरचा काहीच उपयोग नाही, हे वेगळं सांगायला नको.

राहिला सेगमेंट राउटिंगचा युक्तिवाद. तो नव्या पिढीकडून येतो म्हणून त्याला गांभीर्यानं घ्यायला हवं. सेगमेंट राउटिंगनं एक खरी अडचण दूर केली आहे, हे निःसंशय. लेबलांची माहिती ओएसपीएफ किंवा आयएस-आयएसच्याच पोटातून जाते, वेगळा एलडीपी राहत नाही, त्यामुळे रूट एका प्रोटोकॉलकडून आणि लेबल दुसऱ्याकडून येण्यातून उद्भवणारे घोटाळे संपतात. २०१८ चा आरएफसी ८४०२ आणि २०१९ चा ८६६० वाचणाऱ्याला ही रचना आवडावी अशीच आहे. पण तारेवरून जाणारं लेबल तेच आहे, २० बिटांचा तोच आकडा. फक्त तो आता ठरतो राउटरच्या राखीव पट्ट्यात इंडेक्स मिळवून. सिस्कोचा पट्टा सहसा १६००० पासून सुरू होतो, तेव्हा इंडेक्स ४ म्हणजे १६००४. तो इंडेक्स लूपबॅकवर लिहायचा माणसालाच असतो. तो लिहायचा राहिला की लेबल नाही. दोन राउटरना एकच इंडेक्स दिला की झगडा. वाटेतला एखादा जुना राउटर सेगमेंट राउटिंग जाणत नसेल तर त्याच्या दिशेनं बाहेर जाणारं लेबल नाही, आणि मग एलडीपीशी जोडणी करायला मॅपिंग सर्व्हर लागतो. त्या सर्व्हरवरची एक नोंद चुकली की पुन्हा तोच रिकामा रकाना. स्थलांतराचा काळ वर्षानुवर्षं चालतो आणि त्या काळात दोन्ही पद्धती एकाच पेटीत नांदतात. ज्या माणसाला एलडीपीच्या टेबलातलं ‘नो लेबल’ वाचता येत नाही, त्याला सेगमेंट राउटिंगच्या टेबलातलंही वाचता येणार नाही. क्लिअर करायला मात्र तिथे एलडीपीचं सेशन नसेल, म्हणून तो आयजीपीचं शेजारीपण पाडेल, आणि त्याचं नुकसान कितीतरी मोठं असेल.

एसओपी लिहिणाऱ्यांकडे माझी मागणी साधी आहे. लेबल नसल्याची तक्रार आली की पहिली पायरी एलएसपी ट्रेस, काठावरच्या पीईवरून, बीजीपीच्या पुढच्या हॉपच्या नेमक्या /३२ साठी. दुसरी, ज्या राउटरवर वाट तुटली तिथलं त्या प्रीफिक्सचं राउटिंग, बाइंडिंग आणि फॉरवर्डिंग, तिन्ही टेबलांतल्या ओळी टिकिटाला जोडणं. ट्रेस पलीकडच्या पीईपर्यंत पोहोचला नाही आणि कुठेही ‘नो लेबल’ दिसलं नाही, तर सारांशाची शंका घेऊन जिथून ट्रेस चालवला त्या पीईवर /३२ चा रूट आहे का ते बघणं. एवढं झाल्याशिवाय क्लिअर आणि रीलोड या कमांड पहिल्या फळीच्या इंजिनिअरला चालूच नयेत. हे नुसतं सांगण्यावर सोडायचं कारण नाही. टॅकॅक्स सर्व्हरवर कमांडनिहाय परवानगी ठरवता येते आणि ती बहुतेक मोठ्या नॉकमध्ये आजही वापरात आहे, फक्त क्लिअरची कमांड तिच्या उदार यादीत बसलेली असते. ती तिथून काढून शिफ्ट-लीडच्या हातात द्यावी, आणि मूळ कारणाच्या रकान्यात ‘रीसेट’ हा शब्द असेल तर ते टिकीट बंद होऊ नये.

यावर नॉकचे मॅनेजर म्हणतील की पहिल्या फळीतल्या मुलांना एवढं जमणार नाही. मी त्यांना शिकवतो, आणि जमतं. त्यांना चार राउटरची लॅब द्या, एका लूपबॅकचा मास्क गुपचूप बदला आणि पिंग जातं पण ग्राहक बंद आहे एवढंच सांगा. एकदा पी-२ च्या टेबलातली ती ओळ स्वतः शोधून काढलेला मुलगा पुढच्या वेळी क्लिअरकडे हात नेण्याआधी दुसऱ्या बाजूच्या राउटरवर लॉगिन करतो.